श्रमार्तांचं हसू : कामावरून आल्यावर आपण विनोदी चित्रपट का लावतो?



आज एका अगदी साध्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. माणूस कामावरून दमून घरी येतो, हातपाय धुतो, चहा घेतो आणि टीव्हीवर किंवा मोबाइलवर एखादा विनोदी चित्रपट लावतो. बहुतेक वेळा आधी दहादा पाहिलेलाच. असं तो का करतो? त्यातून त्याला नेमकं काय मिळतं? आणि जे मिळतं, त्यावर समाधान मानावं का? एवढे तीनच प्रश्न आहेत.

पोलादपुरात हे प्रश्न विचारायला एक कारण आहे. आपलं गाव रस्त्यावरचं गाव. एक वाट आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला चढते. महामार्ग एका बाजूला महाडकडे जातो आणि दुसऱ्या बाजूला कशेडी घाटाकडे. महाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत पाळीवर जाणारे, ट्रक आणि एसटी चालवणारे, दुकान सांभाळणारे, भातशेती करणारे, मुंबईत नोकरी करून शिमग्याला आणि गणपतीला येणारे चाकरमानी, अशी ही सगळी कष्टाची वस्ती. इथे सगळ्यांची संध्याकाळ एकाच वेळी होत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची संध्याकाळ सकाळी आठला सुरू होते. शेजारच्या घरात पोरं शाळेला निघालेली असतात आणि हा खिडकीचा पडदा ओढून, आवाज बारीक करून लक्ष्मीकांत बेर्डे बघत बसलेला असतो.

त्याच्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक मत म्हणतं, "बघू द्या की, टाइमपास आहे, त्यात काय एवढं?" दुसरं मत सुशिक्षितांचं. ते म्हणतं, "ही अफूची गोळी आहे. माणसाला विचार करू नये म्हणून दिलेली." आम्हाला ही दोन्ही मतं अपुरी वाटतात. पहिल्याला ही गोष्ट महत्त्वाचीच वाटत नाही. दुसऱ्याला ती महत्त्वाची वाटते, पण त्या दमलेल्या माणसाला काही कळतं यावर त्याचा विश्वास नाही.

सुरुवात आपण आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या नाट्यग्रंथापासून करू. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात ब्रह्मदेव नाट्य कशासाठी निर्माण केलं ते सांगतो. त्या यादीत धर्म आहे, यश आहे, बुद्धीची वाढ आहे. आणि त्याच यादीत असंही आहे, की दुःखाने पिडलेल्या, श्रमाने थकलेल्या, शोकाने ग्रासलेल्या आणि तप करणाऱ्या माणसांना हे नाट्य विश्रांती देईल. शब्द नीट बघा. 'श्रमार्त'. आर्त हा किती मोठा शब्द आहे! भक्त देवासाठी आर्त होतो. भरताने तो थकलेल्या माणसाला लावला आणि त्याला शोकार्ताच्या आणि तपस्व्याच्या ओळीत बसवलं. तेव्हा पाळीवरून येऊन चित्रपट लावणारा माणूस कलेचा काहीतरी हलका वापर करतोय, असं निदान भरताचं नाव घेऊन कुणी म्हणू नये.

आता विरुद्ध बाजू. ती आम्ही फार गंभीरपणे घेतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले दोन तत्त्वज्ञ, अडोर्नो आणि होर्कहायमर, अमेरिकेत राहत होते. तेही कॅलिफोर्नियात, म्हणजे हॉलिवूडच्या शेजारीच. तिथे १९४४ साली पूर्ण केलेल्या त्यांच्या ग्रंथात संस्कृती-उद्योगावर एक प्रकरण आहे. त्यांचं म्हणणं आमच्या शब्दांत असं : यंत्रावरच्या कामातून सुटका व्हावी म्हणून माणूस करमणुकीकडे जातो, पण ती करमणूकही त्याच यंत्राच्या घाटाची असते. तेच साचे, तोच वेग, तीच पुनरावृत्ती. ती त्याला ताजातवाना करते ती कशासाठी, तर उद्याच्या पाळीला हजर राहता यावं म्हणून. थोडक्यात, करमणूक म्हणजे कामाचंच शेपूट.

ॲरिस्टॉटलनेही तेवीस शतकांपूर्वी असाच एक भेद केला होता. खेळ आणि करमणूक ही औषधासारखी, म्हणजे पुन्हा कामाला लागता यावं म्हणून घ्यायची. खरी फुरसत वेगळी. ती दुसऱ्या कशासाठी नसते.

आपल्या मराठीत हा भेद ग्रीकांकडून आणायची गरज नाही. आपल्याकडे दोन शब्द आहेत : विरंगुळा आणि विसावा. विरंगुळा म्हणजे मन दुसरीकडे नेणं. विसावा म्हणजे मनाने आणि शरीराने कुठेतरी टेकणं. डोक्यावरचा भारा खाली उतरवून बांधावर बसलेली बाई विसावा घेते. भारा डोक्यावर ठेवूनच ती गाणं म्हणू लागली, तर तो विरंगुळा. दोन्ही चांगलेच, पण दोन्ही एक नव्हेत. आमचा आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे : विनोदी चित्रपटाची परीक्षा करताना तो किती हसवतो हे मोजू नका. तो भारा खाली ठेवू देतो का, ते बघा.

हे कसं घडतं, ते कळायला अभिनवगुप्ताची मदत होते. हजार वर्षांपूर्वीचा काश्मीरचा हा आचार्य. नाट्यशास्त्रावरच्या टीकेत तो रसानुभवाच्या आड येणारी सात विघ्नं सांगतो. त्यातलं एक आजच्या विषयासाठीच सांगितल्यासारखं आहे : प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात इतका गुंतलेला असणं, की समोरच्या गोष्टीकडे त्याचं मन वळतच नाही. साहेब काय बोलला, हप्ता कधी भरायचा, उद्या सुट्टी मिळेल का. शरीर घरी आलं, मन अजून गेटपाशीच आहे. यावर अभिनवगुप्त उपाय काय सांगतो? "मन आवरा", असा उपदेश तो करत नाही. तो म्हणतो, वाद्यं वाजवा, गाणं होऊ द्या, रंगमंडप सजवा. मन आपोआप सैल होईल, मग नाट्य सुरू होईल. किती व्यवहारी माणूस आहे बघा!

तर दहादा पाहिलेलाच चित्रपट माणूस पुन्हा का लावतो, याचं उत्तर आम्हाला इथे सापडतं. पाहिलेल्या चित्रपटात 'पुढे काय होणार' ही काळजी नसते. दिवसभर त्याने तीच काळजी केलेली असते. पात्रं ओळखीची असतात. कोण कधी दारात येणार, कोण कधी अडखळणार, हे माहीत असतं. ओळखीच्या चित्रपटाची पहिली पंधरा मिनिटं म्हणजे त्याचा रंगमंडप. तेवढ्यात मन गेटवरून घरी येतं.

आणखी एक गंमत सांगतो. भरताने हसण्याचे सहा प्रकार केलेत. स्मित आणि हसित उत्तम माणसांचं, विहसित आणि उपहसित मध्यमांचं, अपहसित आणि अतिहसित अधमांचं. पहिल्यांदा चित्रपट बघताना आपण पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो, म्हणजे भरताच्या हिशेबाने अधमात जमा. विसाव्यांदा बघताना नुसते ओठ हलतात. तेव्हा पुन्हापुन्हा बघण्याने पोलादपूर तालुका हळूहळू उत्तम कोटीत चालला आहे, असं म्हणायला हरकत नाही. (हशा)

आता प्रत्यक्ष चित्रपटांकडे येऊ. पहिला चार्ली चॅप्लिनचा, 'मॉडर्न टाइम्स', १९३६ सालचा. चार्ली कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहून नट आवळतो. काम थांबतं, पण त्याचे हात थांबत नाहीत. तो चालतो तेव्हाही हात झटके देत नट आवळतच असतात. रस्त्यावरच्या बाईच्या कपड्यांवरची बटणं दिसली, तर तीही आवळायला धावतो. सगळं जग हसलं. कामाचा शीण म्हणजे काय, याचं इतकं नेमकं वर्णन वैद्यकाच्या पुस्तकातही सापडणार नाही. काम संपल्यावरही शरीरात चालू राहिलेलं काम म्हणजे शीण. आणि त्याच चित्रपटात कामगाराला भरवणारं यंत्र येतं. जेवणाच्या सुट्टीतही काम थांबायला नको, म्हणून मालकासमोर त्याची चाचणी होते. अडोर्नोने जे पानंच्या पानं लिहून सांगितलं, ते चॅप्लिनने काही वर्षं आधी एका बिघडलेल्या यंत्रातून दाखवलं होतं. ज्याचे हात खरोखर दुखतायत तो कामगार हे बघून हसतो, तेव्हा तो काम विसरत नाही. त्याचं काम पहिल्यांदाच त्याच्या समोर, चार हात लांब उभं असतं.

आता आपल्या घरातला चित्रपट. 'अशी ही बनवाबनवी', १९८८. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, लेखन वसंत सबनीस. हेच सबनीस 'विच्छा माझी पुरी करा'चे लेखक, हे ध्यानात ठेवा. लोकनाट्याची नस त्यांना ठाऊक होती. मूळ कल्पना १९६६ च्या हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटाची. पण महाराष्ट्रात पाठ झाला तो मराठी अवतार. त्यातली वाक्यं आम्ही इथे म्हणणार नाही. तुम्हीच आमच्या आधी पूर्ण कराल. (हशा)

गोष्ट कशाची आहे? जागेची. पुण्यात धनंजय माने एका खोलीत भाड्याने राहतो. त्याच्याकडे धाकटा भाऊ येतो, मग सुधीर आणि परशुराम येऊन पडतात. एकाच्या जागेत चौघे. घरमालकाला कळतं आणि चौघेही रस्त्यावर येतात. पुढे लीलाबाई काळभोरांचं मोठं घर मिळू शकतं, पण त्यांची अट आहे : घर जोडप्यांनाच. म्हणून सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती. पुढचं सगळं हसू या एका अटीतून येतं.

आता विचार करा, १९८८ साली हे कुणाला परकं होतं? १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. त्यामुळे जुना भाडेकरू मालकाला नकोसा आणि नवा भाडेकरू धोक्याचा. आणि आपल्या कोकणाचं काय? इथला गिरणी कामगार मुंबईत गावच्या मंडळाच्या खोलीत राहायचा. एका खोलीत एका गावचे कितीतरी बापे. प्रत्येकाची एक ट्रंक. एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा अंग टाकणार. त्याला 'एकाच्या जागेत चौघे' म्हणजे चैन वाटली असती! १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोकणातल्या किती घरांच्या मनीऑर्डरी त्या संपात थांबल्या, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. हा चित्रपट त्यानंतर सहा वर्षांनी आला. म्हणजे नोकरी जाईल आणि जागा जाईल, या दोन धास्ती घेऊन झोपणारा माणूस त्याच दोन धास्तींच्या गोष्टीवर हसत होता. याला पळवाट कशी म्हणायची? पळणारा माणूस आपल्याच दारात परत येत नाही.

आणि त्याला ते परकं वाटलं नाही, याचं आणखी एक कारण. बापयांनी बायकांचा वेष घेऊन हसवणं हे आपल्या मांडवातलंच आहे. आपल्याकडच्या नमनात गवळण होते, त्यात पेंद्या असतो आणि मावशी असते. मावशी म्हणजे गावातलाच कुणी दाढी करून, लुगडं नेसून उभा राहिलेला. तो कोण हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सगळे हसतात. विपरीत वेष हे हास्याचं पहिलं कारण म्हणून भरतानेही सांगितलंय. पार्वतीचं डोहाळजेवण बघताना कोकणातल्या माणसाला मावशीच आठवते.

इथवर आम्ही या चित्रपटाची बाजू घेतली. आता समीक्षकाचं दुसरं काम. चित्रपटाने एक प्रश्न उभा केला : घर फक्त जोडप्यांनाच का? एकट्या माणसाने, चार मित्रांनी राहायचं कुठे? शेवटाकडे जाताना तो या प्रश्नाचं काय करतो? सगळ्यांच्या जोड्या जुळवून देतो. म्हणजे खोटी जोडपी खरी होतात आणि मालकिणीची अट पूर्ण होते. चौघांनी अट बदलली नाही. ते अटीत बसले. इथे अडोर्नोला मान डोलवावी लागते. हसता हसता आपणही त्या अटीला मान्यता देऊन उठतो. हा दोष दाखवल्याने चित्रपट लहान होत नाही. तो किती खोल जाऊ शकला असता, ते कळतं.

आणि एक प्रश्न पडद्याच्या अलीकडचा. घरात हा चित्रपट लागतो तेव्हा बसलेलं कोण असतं? कामावरून आलेला बापई खुर्चीत असतो. त्याच एमआयडीसीत पॅकिंगला जाऊन आलेली, किंवा दिवसभर लावणीत वाकलेली बाई चुलीपाशी किंवा गॅसपाशी असते. हशा झाला की ती पदराला हात पुसत दारापर्यंत येते, "काय झालं हो?" म्हणते, थोडं बघते आणि कुकरच्या शिटीला परत जाते. तिने हा चित्रपट तुकड्यातुकड्यांत पाहिलाय. बायकांचं सोंग घेतलेल्या दोन पुरुषांवर सगळं घर हसतंय आणि घरातली खरी बाई भाकऱ्या थापतेय. भरताने 'श्रमार्त' म्हणताना बाप्ये आणि बायका असा फरक केलेला नाही. विसावा एकाला मिळतोय तो दुसरीच्या श्रमातून, असं असेल तर त्या हसण्याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

आणखी एक भेद करायला हवा, कारण आपला तालुका तो जवळून जाणतो. २२ जुलै २०२१ चा दिवस. महाड पाण्याखाली गेलं. तळियेत दरड कोसळली, आपल्याकडे साखर सुतारवाडीत आणि केवनाळ्यात कोसळली. त्या आठवड्यात कुणी कुणाला "एखादा विनोदी चित्रपट लाव, बरं वाटेल" असं म्हटलं असतं का? भरताच्या यादीत श्रमार्त आणि शोकार्त शेजारी शेजारी आहेत, पण त्याच श्लोकाच्या एका पाठात 'योग्य वेळी' अशा अर्थाचा शब्द येतो. तो फार मोलाचा वाटतो. श्रमावर हसू त्याच रात्री लागू पडतं. शोकावरही पडतं, पण त्याची वेळ बाहेरून कुणी ठरवायची नसते. शोकातलं माणूस एक दिवस आपण होऊन हसतं आणि हसल्याबद्दल स्वतःच चपापतं. तेव्हा भोवतालच्यांनी काही न बोलणं, हीच त्याला मदत.

शेवटी आजच्या सवयीबद्दल. आता चित्रपट लावायलाही पुष्कळांना जीव राहत नाही. अंथरुणावर पडून मोबाइलवर अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे बघायचे. त्यात बनवाबनवीचेही तुकडे असतात. हसू येतं, खोटं कशाला बोला? पण तास गेला तरी अंग सैल पडत नाही. कारण काय असावं? अभिनवगुप्त रसाला विश्रांती म्हणतो, म्हणजे जाणीव एका ठिकाणी येऊन थांबणं. तुकड्यांना थांबा नाही. एक संपायच्या आत दुसरा सुरू. अंगठा वर सरकत राहतो, अगदी चार्लीच्या हातांसारखा. आम्हाला यात सरकत्या पट्ट्याचीच आठवण होते. फरक एवढाच, की हा पट्टा आपणच ओढतो आणि त्याची मजुरी मिळत नाही. चित्रपटाला शेवट असतो. तो संपला की पडदा काळा होतो, कुणीतरी दिवा लावतं, कुणी म्हणतं, "चला, झोपा आता." विसाव्याला असा शेवट लागतो. आणि शेजारी कुणी असेल तर फारच उत्तम. एकट्याने हसताना आपण फार तर मोकळे होतो. दोघांनी एकाच जागी हसताना आणखी काहीतरी होतं : दिवसभर जे सांगायचं राहिलेलं असतं, ते चित्रपट संपल्यावर बोललं जातं. कामावरचा अपमान, उसने पैसे, दुखणारा गुडघा. चित्रपटाने त्यातलं काही सोडवलेलं नसतं. बोलण्याइतकं ते हलकं केलेलं असतं.

म्हणून आमची परीक्षा साधी आहे. चित्रपट संपल्यावर तुम्हाला शेजारच्या माणसाशी बोलावंसं वाटलं, तर तो विसावा होता. लगेच दुसरं काहीतरी लावावंसं वाटलं, तर विरंगुळा. विरंगुळ्यालाही आमची ना नाही. रोज रोज विसावा कुणाच्या नशिबात असतो? पण दोन्हींतला फरक तरी आपल्याला कळावा.

आणि या आठवड्यात एक करून बघा. बनवाबनवीच लावा, किंवा तुमच्या आवडीचा दुसरा कुठलाही. पण आधी सगळ्यांनी मिळून भांडी आवरा, ओटा पुसा, उद्याचा डबा काय ते ठरवून टाका. घरातलं शेवटचं माणूस येऊन बसल्यावरच चित्रपट सुरू करा. ज्या बाईने तो वीस वर्षं दारात उभं राहून पाहिला, ती तो पहिल्यांदा बसून, सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघेल. ती कुठे हसते, तिकडे लक्ष द्या. आमचा अंदाज आहे, ती वेगळ्याच ठिकाणी हसेल.

एवढं बोलून थांबतो.